परसातलं घर आणि साठ दिवसांची मुदत

गेल्या अंकातल्या माझ्या टिपणात मी एवढंच लिहिलं होतं, की कॅलिफोर्निया राज्याने गेल्या दहा वर्षांत घरबांधणीच्या बाबतीत शहरांचा ‘नाही’ म्हणायचा अधिकार एकेक करून काढून घेतला. त्यावर आलेला पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडे पाठवून दिला. निम्मी पत्रं तिकडे राहणाऱ्यांची, उरलेली बरीचशी त्यांच्या इथल्या आईवडिलांची. मी सांता क्लारा काउंटीतल्या एका छोट्या शहराच्या नियोजन खात्यात खिडकीवर बसायचे. नकाशे तपासायचे, फी घ्यायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोलणी खायची, हे काम. आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा मोकळेपणी लिहिता येतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आणि हा वकिलाचा सल्ला नाही. तो फुकट मिळत नाही.

ताई, आमचा मुलगा सनीव्हेलला असतो. घरामागच्या मोकळ्या जागेत आम्हा दोघांसाठी छोटं घर बांधायचं त्याच्या मनात आहे. म्हणतो, साठ दिवसांत परवानगी मिळते. इथे आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल इतकी वर्षं फिरते आहे, की माझा विश्वास बसत नाही. आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतोय का तो?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

मुलगा खरं सांगतोय, पण अर्धं. साठ दिवसांची मुदत कायद्यात आहे, ती अर्ज पूर्ण दाखल झाल्या दिवसापासून मोजतात. त्या मुदतीत शहराने काहीच कळवलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं धरलं जातं. नाकारायचा असेल तर सगळ्या त्रुटी लेखी द्याव्या लागतात, एकदम. आज एक खोट, पुढच्या महिन्यात दुसरी, असं करता येत नाही. सुनावणी नाही, शेजाऱ्यांना नोटीस नाही, नगर परिषदेपुढे जाणं नाही. नियमांची यादी घ्यायची, नकाशा त्यात बसतो का बघायचं, बसला की शिक्का.

हे पूर्वी असं नव्हतं. परसातल्या जोडघराचा कायदा राज्यात १९८२ पासून आहे, पण शहरांना त्यावर हव्या तितक्या अटी घालायची मुभा होती आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. प्लॉट अमुक एवढा मोठा हवा, गाडीसाठी आणखी एक छपराखालची जागा हवी, मालक तिथेच राहायला हवा. एक पंजाबी गृहस्थ यायचे. वडिलांचे दोन्ही गुडघे बदललेले, जिना चढवत नाही, म्हणून गॅरेजची खोली करायची होती. गॅरेज गेलं तर गाड्यांच्या दोन जागा जातात, त्या प्लॉटवर दुसरीकडे दाखवा, असं त्यांना सांगावं लागायचं. प्लॉटवर दुसरीकडे होतं फक्त लिंबाचं झाड. ते तोडायला वेगळी परवानगी.

बदल झाला तो २०१७ पासून. फ्रीमाँटचे तेव्हाचे राज्य सिनेटर बॉब विकाउस्की यांच्या विधेयकाने पहिली फट पाडली आणि २०१९ मध्ये मंजूर झालेल्या चार-पाच कायद्यांनी दार सताड उघडलं. १ जानेवारी २०२० पासून आठशे चौरस फुटांपर्यंतचं, सोळा फूट उंचीचं, मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून चार फूट सोडून बांधलेलं घर शहर अडवू शकत नाही. प्लॉटच्या किती टक्क्यांवर बांधकाम झालं, याचं गणितही त्याच्या आड येत नाही. गॅरेजचं घर केलं तर गेलेल्या पार्किंगची भरपाई मागता येत नाही. गृहसंकुलाच्या संघटनेलाही सरसकट बंदी घालता येत नाही. २०१६ मध्ये अख्ख्या राज्यात अशा घरांच्या परवानग्या हजार-दीड हजाराच्या घरात होत्या. २०२२ पर्यंत त्या वर्षाला वीस हजारांच्या वर गेल्या.

आता उरलेलं अर्धं. परवानगी साठ दिवसांत मिळते, घर मिळत नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, दोन खोल्यांचं स्वतंत्र छोटं घर उभं करायला अडीच ते चार लाख डॉलर लागतात, असा माझा अंदाज आहे. तोही जमीन स्वतःची असताना. नवीन स्वतंत्र घराला बहुतेक वेळा सौरऊर्जेची पॅनल्स लागतात. विजेचं जुनं पॅनल पुरत नाही, ते बदलावं लागतं आणि वीज कंपनीला कुठलीही साठ दिवसांची मुदत नाही. सांडपाण्याची जुनी लाइन कुठून जाते हे मुलाला आधी शोधायला सांगा. नकाशावर आखलेलं घर नेमकं तिच्यावर येतं.

क्षेत्रफळ ७५० चौरस फुटांच्या आत ठेवा. त्यापुढे शाळा सोडून बाकीच्या विकास शुल्कांचा आकार सुरू होतो, आणि म्हणूनच आमच्या खिडकीवर ७४९ चौरस फुटांचे नकाशे इतके यायचे की आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं. मालमत्ता कराची धास्ती नको. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या कायद्यामुळे मुलाच्या मूळ घराचं मूल्यांकन नव्याने होत नाही, फक्त नव्या बांधकामाचं मूल्य जुन्यात मिळवतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक शहराने आधीच तपासून ठेवलेले तयार नकाशे लोकांना उपलब्ध करून द्यायचे आहेत. त्यातला एखादा जसाच्या तसा घेतला तर मुदत तीस दिवसांवर येते. मुलगा डिझाइन बघताना नाक मुरडेल. मुरडू द्या.

आणि एक, जे कायद्यात नाही. न्हाणीघराला उंबरा नको, दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद हवीत, आणि मोठ्या घरापर्यंतची वाट पक्की, दिवा असलेली हवी. हे आत्ता नकाशात घातलं तर खर्च किरकोळ आहे. स्वयंपाकघर मात्र पूर्ण घ्या. ‘जेवायला तिकडेच येऊ’ असं तुम्ही म्हणाल, तो ‘हो’ म्हणेल, सूनबाईंना कोणी विचारणार नाही. स्वतःचा गॅस असलेला बरा. गॅस म्हणजे आता बहुतेक विजेची शेगडी. फोडणी तिच्यावरही होते.

शेजाऱ्याने प्लॉटचे दोन तुकडे करून चार घरं बांधायचा अर्ज केलाय, असं कळलं. आम्हाला ना नोटीस आली ना सुनावणी झाली. आमची गल्ली एकेका कुटुंबाच्या बंगल्यांची म्हणून आम्ही इतके पैसे मोजले. हरकत कुठे नोंदवायची?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

कुठेच नाही. राग येईल, पण सरळ उत्तर तेच आहे.

हा एसबी ९ (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमधलं विधेयक). सिनेटर टोनी अ‍ॅटकिन्स यांचा कायदा, २०२१ मध्ये मंजूर, १ जानेवारी २०२२ पासून लागू. एका कुटुंबापुरत्या राखलेल्या प्लॉटचे दोन भाग करता येतात आणि प्रत्येकावर दोन घरं बांधता येतात. अर्ज नियमात बसला तर शहराने मंजूर करायचा, मत विचारायचं नाही. अटी आहेत: प्रत्येक तुकडा किमान १,२०० चौरस फुटांचा आणि मूळ प्लॉटच्या चाळीस टक्क्यांपेक्षा लहान नसलेला हवा, तुकडे करणाऱ्याने पुढची तीन वर्षं तिथेच राहण्याचा इरादा असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, गेल्या तीन वर्षांत भाडेकरू राहत असलेलं घर पाडता येत नाही, वारसा म्हणून नोंदलेल्या भागात हा कायदा चालत नाही. यातली एखादी अट मोडली जात असेल तर शहराला पत्र लिहा, ते वाचलं जाईल. ‘गल्लीचं रूप बिघडेल’ हे लिहू नका; वाचणाऱ्याला त्यावर काही करायचा अधिकारच उरलेला नाही.

हरकती घेणारे काय काय घेऊन येतात, याचा सगळ्यात मासलेवाईक नमुना वूडसाइडचा. सिलिकॉन व्हॅलीलगतचं हे अति श्रीमंत, झाडीतलं गाव. २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं, की आमचं अख्खं गाव माउंटन लायनचा, म्हणजे डोंगरी सिंहाचा अधिवास आहे, सबब एसबी ९ इथे लागू होत नाही. त्या गावात हजारो चौरस फुटांचे महाल खुशाल उभे राहत होते, त्याबद्दल सिंहाची काही तक्रार नव्हती. चौथं घर आलं की मात्र तो बिचकणार होता. राज्याचे महाधिवक्ता रॉब बाँटा यांनी खरमरीत पत्र पाठवलं आणि गावाने काही दिवसांत निर्णय मागे घेतला.

तुमच्या समाधानासाठी सांगते: गाजावाजा या कायद्याचा झाला, घरं त्यातून अगदी थोडी आली. कारणं घरगुती आहेत. पाडायला आणि बांधायला पैसा लागतो, बँका अशा अर्ध्या प्लॉटवर कर्ज देताना का-कू करतात, आणि तीन वर्षं स्वतः राहायची अट असल्यामुळे धंदेवाईक बिल्डर फिरकत नाही. उरतो तो सामान्य घरमालक, त्याला परसातलं घर बांधणं सोपं पडतं. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका न्यायाधीशांनी पाच शहरांपुरता हा कायदा घटनेला धरून नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने एसबी ४५० आणून तो आणखी घट्ट केला आणि इथेही साठ दिवसांची मुदत घातली. तेव्हा तुमच्या शेजाऱ्याचा अर्ज मंजूर होईलच, पण घरं होतील की नाही ते त्याचं व्याजाचं गणित ठरवेल.

आणखी एक विचारू? तुमची मुलं मोठी होऊन याच गल्लीत राहू म्हणाली तर त्यांना कोणतं घर परवडेल?

आम्ही कुपर्टिनोत आलो तेव्हापासून व्हॅल्को मॉलच्या जागी काहीतरी होणार हे ऐकतोय. तुम्ही म्हणता राज्याचा कायदा इतका जोरकस आहे. मग एवढी वर्षं तिथे रिकामी जागा का?
— एक वाचक, कुपर्टिनो, कॅलिफोर्निया

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण कायदा काय करू शकतो आणि काय नाही, दोन्ही तिथे एका रस्त्यावर दिसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅपलच्या मुख्यालयाच्या जवळच, महामार्ग २८० ला लागून, १९७६ मध्ये सुरू झालेला हा मॉल. दुकानं एकेक करून गेली, शेवटी सांगाडा उरला. त्या जागी काय व्हावं यावर गावात दोन तट पडले. २०१६ च्या नोव्हेंबरात मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव आले, एक विकासकाच्या बाजूचा, एक विरोधकांचा. लोकांनी दोन्ही पाडले. म्हणजे मॉल नको, इमारती नकोत, मॉल राहू दे असंही नको.

तोवर २०१७ मध्ये सिनेटर स्कॉट वीनर यांचा एसबी ३५ मंजूर झाला होता. त्यामागचं गणित असं. राज्य दर आठ वर्षांनी प्रत्येक भागाला घरांचा कोटा ठरवून देतं. बे एरियाला सध्याच्या २०२३ ते २०३१ या फेरीत ४ लाख ४१ हजार घरांचा आहे. तो भागांतल्या शहरांत वाटला जातो. पूर्वी कोटा हा कागदावरचा कोटा होता. शहरं कुठल्या तरी पेट्रोल पंपावर दोनशे घरं होतील असं नकाशात दाखवायची आणि आठ वर्षं झोपायची. एसबी ३५ म्हणाला, कोट्यात मागे पडलात तर नियमात बसणाऱ्या प्रकल्पाला, ठरावीक घरं परवडणाऱ्या दरात असतील आणि कामगारांना ठरलेली मजुरी मिळणार असेल तर, ठरलेल्या मुदतीत मंजुरी द्यायची. सुनावणी नाही, पर्यावरण अहवाल नाही.

व्हॅल्कोच्या विकासकाने मार्च २०१८ मध्ये याच कायद्याखाली २,४०२ घरांचा अर्ज टाकला, त्यातली निम्मी परवडणाऱ्या दरातली. सप्टेंबरात शहराला मंजुरी द्यावी लागली. विरोधक कोर्टात गेले, मे २०२० मध्ये हरले. इथवर कायदा जिंकला. पुढे मोटार दुरुस्तीच्या जुन्या गॅरेजांमुळे खराब झालेली माती आली, महामारी आली, ऑफिसच्या जागांची मागणी आटली, व्याजदर चढले, आराखडा बदलला, पुन्हा बदलला. यातलं एकही विघ्न राज्याच्या राजधानीत, साक्रामेंटोत, मतदान करून हटत नाही.

माझ्या खात्यातले तरुण सहकारी म्हणायचे, परवानगी स्वस्त झाली की घरं आपोआप येतील. मी तेव्हाही मानत नव्हते. पण परवानगी महाग असताना, पाच-सहा वर्षं फक्त सुनावण्यांत जात असताना, जे प्रकल्प कधी कागदावरच आले नाहीत, त्यांचा हिशोब कोण ठेवणार? तो धरला तर कायदा आणला हे योग्यच झालं.

मी नगररचनेची विद्यार्थिनी आहे. पर्यावरण वाचवायच्या कायद्यामुळे कॅलिफोर्नियात घरं अडतात असं वाचलं. हा बिल्डर लोकांचा प्रचार आहे का?
— एक वाचक, नागपूर

थोडा आहे, बराचसा नाही. तो कायदा ‘सीक्वा’ या नावाने ओळखला जातो. १९७० मध्ये रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना त्यांच्या सहीने आला. मूळ कल्पना अशी, की सरकारी प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासून जाहीर करा. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्या खाजगी बांधकामाला सरकारी परवानगी लागते तेही यात येतं. झालं. आता कोणीही, अगदी कोणीही, अहवाल अपुरा आहे म्हणून दावा लावू शकत होतं. शेजाऱ्यांनी लावले, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांनी लावले, कामगार संघटनांनी वाटाघाटीत वजन पडावं म्हणून लावले. दावा जिंकायची गरज नसते, दोन वर्षं चालवला की कर्जाची मुदत संपते.

बर्कलीचं प्रकरण जरूर वाचा. विद्यापीठाला पीपल्स पार्क या जागेवर विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, की विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांचा आवाज हाही पर्यावरणावरचा परिणाम आहे, तो अहवालात तपासायला हवा होता. म्हणजे धूर, सांडपाणी, आणि त्यांच्या रांगेत दंगा करणारी पोरं. विधिमंडळाने त्याच वर्षी एबी १३०७ (एबी म्हणजे असेंब्लीतलं, खालच्या सभागृहातलं विधेयक) करून, घरात राहणाऱ्या माणसांचा आवाज म्हणजे प्रदूषण नव्हे, हे कायद्यात लिहून टाकलं, आणि २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला.

मोठा घाव बसला ३० जून २०२५ ला. गव्हर्नर न्यूसम यांनी अर्थसंकल्पाला जोडूनच एबी १३० वर सही केली. शहराच्या वस्तीतच, बहुतेक बाजूंनी बांधकाम असलेल्या जागेवर, वीस एकरांपर्यंतचा आणि शहराच्या आराखड्याशी जुळणारा घरांचा प्रकल्प असेल तर सीक्वाच लागू नाही. काही अपवाद आहेत, पाणथळ जमिनी, आगीचा धोका असलेले भाग वगैरे. मला हे पटतं. शहरात घर अडवलं की ते नाहीसं होत नाही, ते साठ मैल लांब ट्रेसीच्या पलीकडे शेतात उभं राहतं आणि त्यातला माणूस रोज दोनदा त्या अंतराचा धूर सोडत येतो-जातो. अहवालात तो धूर कोणी मोजत नव्हतं.

पण विद्यार्थिनी आहात म्हणून सांगते: सीक्वाने किनारे, टेकड्या आणि गरीब वस्त्यांशेजारची गोदामं यांबाबत चांगलं कामही केलं आहे. परीक्षेत एकच बाजू लिहू नका.

आपल्याकडे असे कायदे का होत नाहीत? ठाण्यात तीस वर्षांच्या इमारतीत राहतो. सगळे तयार आहेत, तरी वीट हलत नाही.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

दुखणं वेगळं आहे, म्हणून औषधही वेगळं लागेल. कॅलिफोर्नियात जमीन कोणाची याबद्दल वाद नसतो. तिथे अडवतो तो शेजारी आणि त्याला घाबरणारी नगर परिषद. राज्याने शेजाऱ्याला बाजूला केलं की रस्ता मोकळा. आपल्याकडे शेजाऱ्याला कोण विचारतं? विकास आराखड्यावर शेवटची सही आधीपासूनच मंत्रालयाची असते. २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आली. त्यात दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची झंझट जवळपास काढून टाकली आणि तीन हजारांपर्यंत दहा दिवसांचा वायदा केला. कागदावर हे सनीव्हेलपेक्षा वेगवान आहे.

तुमची वीट अडते ती सातबाऱ्यापाशी, कन्व्हेयन्सपाशी (जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्यापाशी), मूळ मालकाच्या वारसांपाशी. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? सगळे तयार आहेत म्हणता, त्यावरून सभासदांची संमती झाली असावी. ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी ती अट ५१ टक्क्यांवर आणली आहेच. पण बिल्डरने कधीच कन्व्हेयन्स करून दिला नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करा, २००८ पासून तशी सोय आहे. ते झाल्याशिवाय येणारा प्रत्येक विकासक चहा पिऊन जाईल.

एक गंमत सांगते. न्यूसम यांनी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत २०२५ पर्यंत ३५ लाख घरांचं आश्वासन दिलं होतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंतचं उद्दिष्ट आहे ३५ लाख घरांचं. आकडा तोच. कॅलिफोर्नियात एवढे कायदे करूनही वर्षाला साधारण लाख-सव्वा लाखच घरं होतात, आणि त्यांनी नंतर उद्दिष्ट २५ लाखांवर आणून मुदत २०३० पर्यंत ढकलली. भागाकार तुम्हीच करा.

मिल्पिटासच्या बार्ट रेल्वे स्टेशनपासून आम्ही दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. नव्या कायद्याने आमच्या घराच्या जागी सात मजली इमारत येणार, असं ग्रुपवर फिरतंय. घर सोडावं लागेल का?
— एक वाचक, मिल्पिटास, कॅलिफोर्निया

नाही. ग्रुप म्यूट करा.

तो एसबी ७९, पुन्हा वीनर यांचाच, १० ऑक्टोबर २०२५ ला सही झाली, १ जुलै २०२६ पासून लागू. मोठी वाहतूक असलेल्या मोजक्या काउंट्यांत स्टेशनच्या अर्ध्या मैलात शहराने किती उंचीला वाव द्यायचा, हे तो ठरवतो. बार्टसारख्या गाडीच्या स्टेशनला ढोबळमानाने पाव मैलात ७५ फूट आणि त्यापुढे अर्ध्या मैलापर्यंत ६५ फूट, अगदी स्टेशनला खेटून असेल तर ९५. शहराने स्वतःची पर्यायी योजना मंजूर करून घेतली तर उंच्या थोड्या इकडच्या तिकडे होतील. हे सगळं ज्या मालकाला बांधायचं आहे त्याच्यासाठी. तुम्हाला नसेल बांधायचं तर तुमचं घर, तुमचा कढीपत्ता, सगळं जागच्या जागी. भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींना काही संरक्षणही दिलं आहे.

मात्र कोणी दारात येऊन ‘जागा बुक करून ठेवतो, थोडे पैसे आत्ता घ्या’ म्हणाला, तर तो करार बहुधा काही वर्षांसाठी तुमचे हात बांधणारा असतो. वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उघडू नका.

परसातलं घर भाड्याने देता येतं का? विकता?
— तीन-चार पत्रांत हाच प्रश्न

भाड्याने देता येतं, आणि मालकाने तिथेच राहायला हवं ही अट आता कायमची गेली आहे. दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना मात्र नाही; तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला बहुतेक शहरांत मनाई आहे. कोथरूडच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं: पर्यटक व्हिसावर तुम्ही एका वेळी साधारण सहा महिने राहणार, उरलेले सहा महिने घर रिकामं ठेवायचं कारण नाही. वेगळं विकायचं तर शहराने तसा ठराव केलेला असायला हवा. एबी १०३३ ने २०२४ पासून शहरांना तशी मुभा दिली आणि पहिल्यांदा ती सॅन होजेने घेतली. सनीव्हेलचं सध्या काय आहे, ते मुलाला खिडकीवर जाऊन विचारायला सांगा. सकाळी लवकर जा म्हणावं, दुपारी रांग असते.